होस्टेलच्या वाय-फायवर टोरेंट लावायच्या आधी हे वाचा

यावर्षी ॲडमिशन घेऊन धारणी, घाटंजी, अहेरी, सिंदेवाही, कुठून कुठून जे पोरं-पोरी होस्टेलवर आले त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो. गावात नेट म्हणजे मोबाईलचा रोजचा दीड जीबी, तो बी रेंज असली तर, आणि इथं आल्यावर पहिल्यांदा असं नेट हाती लागते जे दिवस मावळायच्या आत संपत नाही. मग पहिल्या आठवड्यातच विचारणं सुरू होते, भाऊ इथं टोरेंट चालते का?

चालते की नाही हे तुमच्या कॉलेजच्या फायरवॉलवर, म्हणजे नेटवर काय येऊ-जाऊ द्यायचं ते अडवणाऱ्या यंत्रणेवर आहे, कुठं पूर्ण बंद असते, कुठं रात्री उघडं असते. पण तुम्ही काय डाऊनलोड करून राहिले आणि त्याच वेळी तुमच्या लॅपटॉपमधून बाहेर काय जाऊन राहिलं, हे दोन्ही माहीत पाहिजे. बाहेर जाणाऱ्या मालाचं बहुतेकांना माहीतच नसते आणि नोटीस येते ती त्याच्यावरूनच.

आधी टोरेंटचं काम कसं चालते ते

साधं डाऊनलोड म्हणजे एक सर्व्हर, त्याच्यावर फाईल, तुम्ही ती ओढली, झालं. बिटटोरेंट हे ब्रॅम कोहेन नावाच्या प्रोग्रामरनं २००१ मधे आणलं आणि त्यात एकच सर्व्हर लागत नाही. फाईलचे छोटे छोटे तुकडे पाडलेले असतात, ते तुकडे जगभरच्या हजार लोकांच्या कॉम्प्युटरवर पसरलेले असतात आणि तुमचा क्लायंट, म्हणजे यूटोरेंट, क्यूबिटटोरेंट जे काय असेल ते, एकाकडून एक तुकडा, दुसऱ्याकडून दुसरा असं करत फाईल जोडते. एक तुकडा तुमच्याकडं येऊन तपासून झाला की त्याच क्षणापासून तुमचा लॅपटॉप तो तुकडा बाकीच्यांना द्यायला लागते. फाईल पूर्ण व्हायची वाट पाहत नाही. आणि फाईल पूर्ण झाल्यावर बी थांबत नाही, तुम्ही क्लायंट बंद करेपर्यंत किंवा लिस्टमधून ती काढेपर्यंत सीडिंग, म्हणजे बाकीच्यांना वाटणं, चालूच राहते.

म्हणून "मी तं फक्त पाहायला घेतला पिक्चर" हे टोरेंटच्या बाबतीत टेक्निकली खरंच नसते. घेणारा तोच देणारा. आणि त्या गर्दीत, ज्याला स्वार्म म्हणतात, प्रत्येकाला बाकीच्यांचा आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवरचा पत्ता, दिसते, त्याशिवाय तुकडे पाठवणार कुठं? पिक्चर कंपन्या आणि सॉफ्टवेअर कंपन्यांनी कामाला लावलेल्या एजन्सी त्याच स्वार्ममधे साध्या क्लायंटसारख्या शिरतात, कोणता आयपी कोणती फाईल वाटून राहिला ते लिहून घेतात आणि तो आयपी ज्याच्या नावावर आहे त्याला मेल टाकतात. कॅम्पसचा आयपी विद्यापीठाच्या नावावर आहे, म्हणजे मेल विद्यापीठाला.

कायद्यात काय आहे, थोडक्यात

नेटवर टोरेंटबद्दल शोधलं की सगळीकडं डीएमसीए डीएमसीए लिहिलेलं दिसते, तो अमेरिकेचा १९९८ चा कॉपीराइटचा कायदा आहे. विद्यापीठाला येणाऱ्या मेलमधे त्याचं नाव पुष्कळदा असते काऊन की पाठवणारी कंपनी तिकडची असते, पण तुम्हाला आणि मला लागू आहे तो आपला कॉपीराइट कायदा १९५७. त्याच्या कलम ६३ मधे जाणूनबुजून उल्लंघन करणाऱ्याला आणि त्याला मदत करणाऱ्यालाही सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. धंद्यासाठी किंवा फायद्यासाठी केलं नसेल तर कोर्ट कारणं लिहून शिक्षा कमी करू शकते. आणि मे २०२२ मधे सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेलं सॉफ्टवेअर माहीत असून वापरणं याला तर वेगळं कलम आहे, ६३ ब.

आता हे वाचून घाबरून जायचं नाही. होस्टेलच्या प्रकरणात गोष्ट बहुतेक नेट बंद होणं, विभागप्रमुखासमोर उभं राहणं, घरी फोन जाणं इथपर्यंत राहते. पण ज्या पोराचे बाप वावरातलं काम टाकून एसटीनं चार तास बसून विद्यापीठात येतील त्याच्यासाठी तेवढंही लय होते.

दुसरी बाजू बी तितकीच खरी आहे. त्याच कायद्यात कलम ५२ आहे, त्यात खासगी वापर, संशोधन, समीक्षा यासाठी वाजवी वापराला मोकळीक आहे, आणि शिक्षक-विद्यार्थ्यानं शिकण्या-शिकवण्याच्या ओघात केलेली कॉपी बी बसते. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्सच्या केसमधे २०१६ साली दिल्ली हायकोर्टानं शिकवण्यासाठी पुस्तकातले भाग काढून केलेले कोर्स पॅक या सवलतीत बसतात असं मानलं. म्हणजे लायब्ररीतल्या पुस्तकाचं तुम्हाला लागणारं प्रकरण झेरॉक्स करणं आणि आख्खं पुस्तक टोरेंटवर जगाला वाटत बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि खासगी वापराची जी मोकळीक आहे ती कॉम्प्युटर प्रोग्रामला लागू नाही, हे लक्षात ठेवा.

पायरी १: वाय-फायचा फॉर्म भरताना

फॉर्मवर खाली जे बारीक अक्षरात लिहिलेलं असते ते वाचा, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. टोरेंट पूर्ण बंद आहे की फक्त कॉपीराइटचा माल बंद आहे, पहिल्या वेळेस काय होते, दुसऱ्या वेळेस काय, हे त्यातच असते. कुठं कुठं नियम कायद्यापेक्षा कडक असतात, म्हणजे कायदेशीर टोरेंट बी चालत नाही, आणि नेटवर्क त्यांचं असल्यानं ते त्यांना ठरवता येते.

आणि आयडी-पासवर्ड कोणालाच द्यायचा नाही. रूममेटला नाही, गावाकडून परीक्षेसाठी आलेल्या मावसभावाला बी नाही. इथं माया-ममतेचा प्रश्न नाहीये. लॉगमधे, म्हणजे नेटवर्कच्या नोंदीत, नाव तुमचं पडते. मावसभाऊ दोन दिवस राहून निघून जाईल आणि महिन्याभरानं बोलावणं तुम्हाला येईल. पाहुण्याला गेस्ट आयडी मिळते, कॉम्प्युटर सेंटरला अर्ज द्या.

पायरी २: स्वतःचा लॅपटॉप तपासा, आजच

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि कोणीच करत नाही. आपल्याकडं नवा कोरा लॅपटॉप घेणारे किती? बहुतेकांचा सेकंड हँड, नाहीतर चुलतभावाचा वापरलेला, नाहीतर तालुक्याच्या दुकानातून विंडोज टाकून घेतलेला. दुकानदार विंडोजसोबत पंधरा सॉफ्टवेअर भरून देते, त्यात यूटोरेंट असतेच. आमच्या इथं एका फर्स्ट इयरच्या पोरीचं नेट बंद झालं, ती रडकुंडीला येऊन म्हणे, दादा मी तं टोरेंट म्हणजे काय हेच पाहिलं नाही. लॅपटॉप उघडला तर खाली घड्याळापाशी हिरवं चिन्ह, आणि आत आधीच्या मालकानं टाकलेले पिक्चर सीड होऊन राहिले. तिनं खरंच काही केलं नव्हतं, फक्त वाय-फायला लॅपटॉप जोडला होता.

तर असं पाहा. स्क्रीनच्या खाली उजवीकडं घड्याळाच्या बाजूला छोटा वर जाणारा बाण असते, तो दाबा, लपलेले प्रोग्राम दिसतील. टोरेंटचा क्लायंट दिसला तर उघडा आणि लिस्टमधे स्टेटसचा कॉलम पाहा. सीडिंग लिहिलं असेल तर ती फाईल बाहेर जाऊन राहिली. राइट क्लिक करून पॉज किंवा स्टॉप, मग रिमूव्ह. खिडकीच्या फुलीवर क्लिक केलं म्हणजे बंद झालं असं समजू नका, पुष्कळ क्लायंट फुली दाबल्यावर फक्त लपतात आणि मागं चालूच राहतात. घड्याळाजवळच्या चिन्हावर राइट क्लिक करून एक्झिट करा.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप हे तीन बटण एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, त्यात स्टार्टअपमधे जा आणि टोरेंटचं जे काही असेल ते डिसेबल करा. लागतच नसेल तर सरळ अनइन्स्टॉल. फुकटात पिक्चर दाखवणारे काही ॲप असतात त्यांची बी चौकशी करा, काऊन की त्यातले काही आतून टोरेंटच वापरतात, वरून व्हिडिओ प्लेअरसारखे दिसतात.

अजून एक आहे ज्याचा कॉपीराइटशी संबंध नाही पण स्पीडशी आहे. विंडोज स्वतःचे अपडेट बी दुसऱ्या कॉम्प्युटरला वाटू शकते. सेटिंगमधे विंडोज अपडेट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन, तिथं फक्त लोकल नेटवर्कवाला पर्याय ठेवा किंवा बंद करा.

पायरी ३: घ्यायच्या आधी फाईल कोणाची आहे ते पाहा

नेटवर पडलेली गोष्ट म्हणजे फुकटची नसते. भारतात पुस्तकाचा कॉपीराइट लेखक गेल्यावर ६० वर्षं राहते, सिनेमाचा प्रदर्शनानंतर ६० वर्षं. राम गणेश गडकरी १९१९ साली आपल्या सावनेरला गेले, त्यांची नाटकं केव्हाचीच सगळ्यांची झाली, ती कोणीही वाटावी. पण एखाद्या प्रकाशकानं त्यावर नवी प्रस्तावना, नव्या टीपा घालून आवृत्ती काढली तर तो नवा भाग त्याचा. मागच्या महिन्यात आलेला मराठी पिक्चर, सिलॅबसचं चालू पुस्तक, ऑटोकॅड, हे तर विचारायचंच नाही.

मोकळं काय असते? ज्याच्यावर लायसन्स स्पष्ट लिहिलेलं आहे ते. लिनक्सच्या उबंटू, डेबियन, फेडोरा या सगळ्यांच्या वेबसाईटवर त्यांचे स्वतःचे टोरेंट आहेत. लिब्रेऑफिसचं आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स या वाटायची मोकळीक देणाऱ्या लायसन्सवाले, ब्लेंडर या ॲनिमेशन सॉफ्टवेअरवाल्यांचे ओपन मूव्ही आहेत. इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाईन संग्रहावर बी टोरेंट मिळते पण तिथली प्रत्येक वस्तू हक्कमुक्त नसते, पानावर लायसन्स पाहूनच घ्या.

आणि मला सगळ्यात कामाचं वाटते ते किविक्स. त्यात आख्खा विकिपीडिया ऑफलाईन वाचता येते, मराठी विकिपीडियाची बी फाईल मिळते, टोरेंटनं घेता येते आणि वाटायला पूर्ण परवानगी आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती पेनड्राइव्हमधे गावच्या शाळेत नेऊन द्या, जिथं नेट नाही तिथं पोरांना विकिपीडिया वाचता येईल. पीटूपीचा, म्हणजे असं एकमेकांना थेट फाईल वाटण्याचा, यापेक्षा चांगला उपयोग मी तरी पाहिला नाही.

पायरी ४: कायदेशीर टोरेंट लावायचं असेल तर

आधी कॉम्प्युटर सेंटरला दोन ओळींचा मेल टाका, मला अमुक प्रोजेक्टसाठी डेबियनची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाईल) टोरेंटनं घ्यायची आहे, चालेल का. कित्येकदा ते सांगतील की साध्या डाऊनलोड लिंकनंच घे, आणि खरं तर बऱ्याच वेळा तेच सोपं पडते.

परवानगी मिळाली तर रात्री अकरानंतर लावा. रब्बीत एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम चालू झाल्या की व्होल्टेज पडते आणि कोणाच्याच वावरात पाणी चढत नाही, होस्टेलच्या लाईनचं बी तसंच आहे, आणि टोरेंट तर एकटंच शंभर-दोनशे कनेक्शन उघडते. संध्याकाळी आठ ते दहा कोणी घरी व्हिडिओ कॉल करून राहिलं असते, कोणाचा ऑनलाईन फॉर्म भरायचा शेवटचा दिवस असते.

क्यूबिटटोरेंटमधे टूल्स, मग ऑप्शन्स, मग स्पीड, तिथं अपलोडची मर्यादा टाकता येते. इथं एक गोष्ट नीट पाहा: बरेच जण अपलोड बंद करायचं म्हणून तिथं शून्य टाकतात. शून्य म्हणजे बंद नाही, शून्य म्हणजे अमर्याद! पन्नास-शंभर असा आकडा टाका. ऑप्शन्समधेच बिटटोरेंट नावाचा भाग आहे, तिथं अमुक रेशो झाला की सीडिंग थांबव असं सांगता येते, एक ठेवा, म्हणजे घेतलं तेवढं दिलं आणि थांबलं. आणि हे बी सांगून ठेवतो, अपलोड कमी केलं म्हणून चोरीचा पिक्चर कायदेशीर होत नाही, एक तुकडा दिला तरी दिलाच.

आयएसओ आली की तिचा चेकसम, म्हणजे फाईल जशीच्या तशी आली का हे ओळखायचा अक्षर-आकड्यांचा कोड, वेबसाईटवरच्या चेकसमशी जुळवून पाहा, मगच इन्स्टॉल करा.

पायरी ५: तुम्हाला जे पाहिजे ते सरळ मार्गानं कुठं मिळते

पोरं टोरेंटकडं जातात ते बहुतेक अभ्यासाच्या गरजेपोटी, हे मी रोज पाहतो. हजार-बाराशेचं पुस्तक, आणि घरी सोयाबीनचा भाव पडलेला. म्हणून नुसतं करू नका म्हणून भागत नाही, कुठं मिळते ते सांगितलं पाहिजे.

रिसर्च पेपरसाठी वन नेशन वन सबस्क्रिप्शन आहे, १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालं, ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार जर्नल्स सरकारी विद्यापीठं आणि कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना फुकट. तुमची संस्था त्यात आहे का हे लायब्रेरियनला विचारा, आणि असेल तर घरून लॉगिन कसं करायचं ते बी विचारा. कॉलेज अनुदानित असेल तर एन-लिस्टचा आयडी मागा, इन्फ्लिबनेटची योजना आहे, त्यात ई-बुक्स लय आहेत, पण आयडी मागितल्याशिवाय कोणी आणून देत नाही. पीएचडीचे प्रबंध शोधगंगावर, शेतीच्या विद्यार्थ्यांना कृषिकोशवर. नॅशनल डिजिटल लायब्ररी आयआयटी खरगपूर चालवते, तिथं मराठीतून बी शोधता येते. इग्नूचं सगळं मटेरियल ई-ज्ञानकोशवर पडलेलं आहे, आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनी ते पाहिलंच पाहिजे, सोप्या भाषेत आहे. लेक्चर पाहिजे तर एनपीटीईएल आणि स्वयम, शिकायला पैसे नाहीत, सर्टिफिकेटच्या परीक्षेलाच फी आहे.

सॉफ्टवेअरमधे ऑटोकॅड विद्यार्थ्याला ऑटोडेस्क स्वतःच एज्युकेशन लायसन्सवर फुकट देते, कॉलेजचा पुरावा जोडावा लागते. गणिताच्या कामाला मॅटलॅबऐवजी ऑक्टेव्ह किंवा सायलॅब, नकाशाच्या कामाला क्यूजीआयएस, फोटोला गिंप, ऑफिसला लिब्रेऑफिस. क्रॅक टाकताना तो पहिले सांगते अँटीव्हायरस बंद करा, हे एकच वाक्य ऐकून तिथं थांबायला पाहिजे. स्टॉप नावाचं रॅन्समवेअर असंच क्रॅकमधून जगभर पसरलं, सगळ्या फाईलींना कुलूप लावून पैसे मागते, आणि प्रोजेक्ट सबमिशनच्या आठवड्यात असं झालं तर कोणीच काही करू शकत नाही.

पिक्चरचं म्हणाल तर चार-पाच जणांत एक सबस्क्रिप्शन घेताना कंपनीचा नियम किती जणांना परवानगी देते ते पाहून घ्या. नाहीतर निर्मात्यांनी स्वतःच्या अधिकृत चॅनलवर टाकलेले पिक्चर यूट्यूबवर बसून पाहा.

पेनड्राइव्ह, टेलिग्राम, व्हीपीएन

"टोरेंट नाही न, मग लॅनवर, होस्टेलच्या आतल्या नेटवर्कवर, शेअर केलं तर काय झालं?" हे विचारतात. कॉपीराइट वायर पाहत नाही. अमेरिकेत २००३ साली रेकॉर्ड कंपन्यांनी चार विद्यार्थ्यांवर दावे टाकले ते कॅम्पसच्या आतल्या नेटवर्कवर गाणे शोधायची सोय चालवली म्हणूनच, आणि प्रत्येकाला १२ ते १७ हजार डॉलरच्या घरात भरून मिटवावं लागलं. होस्टेलवर डीसी प्लस प्लस या फाईल वाटायच्या प्रोग्रामचा हब चालवायचा उत्साह कोणाला आला तर हे आठवा. टेलिग्रामवर पुस्तकांच्या पीडीएफचा ग्रुप चालवणं बी वाटपच आहे, ॲडमिन तर पहिले.

व्हीपीएनबद्दल, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरमधून नेट फिरवून खरा आयपी लपवणाऱ्या सोयीबद्दल, माझं स्पष्ट मत आहे, कॅम्पसवर टोरेंट लपवायसाठी तो वापरू नका. बहुतेक ठिकाणी नियमात व्हीपीएनलाच बंदी असते, म्हणजे एक उल्लंघन लपवायला दुसरं. फुकटचे पुष्कळ व्हीपीएन तुमचाच डेटा विकून जगतात, आणि मधेच कनेक्शन तुटलं की क्लायंट खऱ्या आयपीवरून चालू राहू शकते.

पायरी ६: नोटीस आलीच तर

पहिले हे समजून घ्या की नाव तुमच्यापर्यंत कसं पोहोचलं. कॅम्पसच्या आत सगळ्यांना खासगी आयपी मिळते, बाहेर सगळे मिळून एक-दोन पब्लिक आयपी दिसतात. नोटिशीत पब्लिक आयपी, पोर्ट नंबर (त्या आयपीवरच्या कनेक्शनचा आकडा), तारीख-वेळ आणि फाईलचं नाव असते. कॉम्प्युटर सेंटर फायरवॉलच्या लॉगमधे पाहते की त्या वेळेला तो पोर्ट कोणत्या आयडीकडं होता. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, म्हणजे पावसाळ्यातल्या गोष्टीचं विचारणं हिवाळ्यात येऊ शकते.

लगेच क्लायंट बंद करा, सीडिंग थांबवा. लॅपटॉप फॉरमॅट मारू नका, चूक नसेल तर तुमचा पुरावा बी त्यातच आहे आणि चूक असेल तर फॉरमॅट मारलेला पाहून संशय वाढते. नोटिशीची कॉपी मागा, तोंडी ऐकून घेऊ नका. आणि वेळ नीट वाचा! बहुतेक नोटिशीत वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असते, आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढं. १४ तारखेला १८:४० लिहिलं असेल तर आपल्याकडं १५ तारखेची रात्र, बारा वाजून दहा मिनिटं. तुम्ही १४ ला संध्याकाळी लॅबमधे होते हे सिद्ध करत बसाल आणि त्याचा काही उपयोग होणार नाही. त्या रात्री तुम्ही होस्टेलवर होते की गावाला, वॉर्डनकडं रजिस्टरमधे नोंद असते, एसटीचं तिकीट असलं तर ते बी ठेवा.

मग खरं सांगा. तुम्ही केलं असेल तर केलं म्हणून लिहून द्या, फाईल काढली आणि क्लायंट काढला हे बी लिहा. पहिल्या वेळेला बहुतेक ताकीद आणि काही दिवस नेट बंद यावर मिटते, खोटं बोलल्यावर शिस्तपालन समितीपर्यंत जाते. केलं नसेल तर आयडी कोणाकडं होता, लॅपटॉप कोणाचा होता, सेकंड हँड असेल तर कधी घेतला, हे तारखांसकट द्या आणि त्याच दिवशी पासवर्ड बदला. नोटीस पाठवणाऱ्या कंपनीला स्वतः मेल करू नका, आणि "सेटलमेंटचे पैसे भरा" अशी लिंक थेट तुमच्या मेलवर आली तर उघडू नका, तसली लुबाडणूक बी चालते, ती सेंटरला दाखवा. पोलिसांचं किंवा कोर्टाचं पत्र असेल तर मात्र घरी सांगा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, जिल्हा न्यायालयातच त्यांचं ऑफिस असते. पोरींना, अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना आणि कमी उत्पन्नवाल्यांना तिथं वकील फुकट मिळते.

उत्तर मेलनं द्या, वॉर्डन आणि विभागप्रमुख दोघांना कॉपीत ठेवा, आणि नेट परत चालू व्हायची तारीख त्यांच्याकडून लेखी घ्या. परीक्षेचा फॉर्म मधे येत असेल तर त्याच मेलमधे लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर बसायची परवानगी मागून ठेवा.